मागच्या चटईवरची ओळ

खांदा कॉलनी, नवीन पनवेल
१५ जून १९९४

सुशांत,

मी तुझी आजी. विसरला असशील म्हणून ओळख सांगते. बुटकी, काळी, डाव्या कानाने कमी ऐकणारी, तुझ्या बापाची आई. लहानपणी जिच्या पदराला नाक पुसायचास, तीच. पदर इथेच आहे, नाक तेवढं चिपळूणला गेलं.

तुझी फणसपोळी पोचली. कंडक्टरने पनवेल स्टँडवर उतरवली, तुझा बाप जाऊन घेऊन आला. मी पुडकं उलटंपालटं करून चिठ्ठी शोधली. नव्हती. मग कळलं, फणसाला काटे बाहेरून असतात, आमच्या नातवाला आतून.

आधी हे पत्र कोण लिहितंय ते सांगते, नाहीतर अक्षर बघून चक्रावशील. तुझा बाप म्हणाला, "मी त्याला एक शब्द लिहिणार नाही." तुझी आई लिहायला बसली की रडते, शाई पसरते. म्हणून वरच्या मजल्यावरच्या शशिकलाला बोलावलं. होय, तीच. कमळाकरची बायको. फाडू नकोस, पुढे वाच.

ती म्हणाली, "आजी, माझ्या नवऱ्याला तुम्ही शिव्या देणार आणि लिहायच्या मी?" मी म्हटलं, "मग काय! तुझ्याइतकं त्याला ओळखतं कोण? माझं कुठे कमी पडलं तर तू भर घाल." हसली बिचारी. लिहिते आहे. मी 'नाय' म्हटलं की ती 'नाही' लिहिते, तेवढी तिची शाळा मी चालवून घेते. बाकी काही गाळायचं नाही असं बजावलंय. लिहून झालं की वाचून दाखवते. गाळलं तर मला कसं कळणार, असं तू म्हणशील. कळतं. गाळताना माणूस श्वास घेतो.

आता ईस्टरचं. त्या दिवशी देवळात तू पुढे पेटीजवळ उभा होतास, आम्ही बाया मागे चटईवर. मागे काय झालं ते तू बघितलं नाहीस, कारण तू मागे वळलाच नाहीस. म्हणून सांगते.

गायनवृंद चालवणाऱ्या कमळाकरने मुंबईहून ते दिव्याचं यंत्र आणलं. काचेवर कागद ठेवला की भिंतीवर गीत उमटतं. छान आहे, मी नाही म्हणत नाही. पोरंसोरं मान वर करून गातात. मला भिंतीवर मुंग्यांची रांग दिसते, पण मुंग्या ठळक आहेत. तर गीत सुरू झालं, पहिलं कडवं संपलं आणि सवयीने तू दुसऱ्या कडव्याची ओळ दिलीस. कमळाकर माइकवर म्हणाला, "सुशांत, ओळी भिंतीवर आहेत." पुढचे हसले. तू गायनपुस्तक बाकावर आपटलंस, चालत्या गीतातून बाहेर गेलास आणि चपला घालून निघालास. त्याही आमच्या देवळाची झाडलोट करणाऱ्या दाजीच्या. दाजी अजून तुझ्या घालतो. त्याला त्या मोठ्या होतात, फटाक फटाक वाजतात. त्या वाजल्या की तुझी आई दाराकडे बघते.

मलाही राग आला रे. शशिकला, लिही: तुझा नवरा त्या दिवशी माणसासारखा वागला नाही. लिहिलंस? पुढे चल.

पण तू गेलास तरी गीत थांबलं नाही. पुढचे वाचून गात होते. मागे आम्ही गप्प झालो. तुझे आजोबा पेटीजवळ उभे राहून ओळ द्यायचे. आधी ओळ बोलायची, मग मंडळीने ती गायची, पुन्हा पुढची. चिमणी पिलाच्या चोचीत दाणा ठेवते तशी, अक्षर नसलेल्याच्या तोंडात ओळ ठेवायची. ते गेल्यावर तू उभा राहिलास. आम्हाला वाटायचं, आम्हालाच सगळं पाठ आहे. तू गेल्यावर कळलं, पाठ नव्हतं. पहिलं कडवं तेवढं आमचं, बाकी सगळं तुझ्या तोंडचं.

कामोठ्याची दमयंती, मिठागरावर जाते ती, तिने मला कोपर मारलं. "बाय, फुडं काय हाय?" मी म्हटलं, "मला काय ठाऊक? सांगणारा फुगून गेला."

तेव्हापासून मी दर रविवारी तोंड हलवते. आवाज नाही. बाजारातला मासा हलवतो तसं. देवाला फसवता येत नाही, पण पाळकसाहेबांना येतं.

उत्तर दे. फणसपोळीने देऊ नकोस.

तुझी आजी
सखूबाई

१० ऑगस्ट १९९४

सुशांत,

पत्र आलं. शशिकलाने वाचून दाखवलं. एका जागी तिचा आवाज बारीक झाला. मी म्हटलं, "मोठ्याने वाच, डावा कान आहे." तेव्हा तिने वाचलं की कमळाकरने सगळ्या मंडळीसमोर, माइकवर, तुझं नाव घेऊन माफी मागितली तर तू येशील. नाहीतर इतकी वर्षं केलेली सेवा पुरे झाली. चिपळूणला तू देवळात जात नाहीस, रविवारी उशिरापर्यंत झोपतोस.

वाचून झाल्यावर मी चहा मागितला. चहा पिऊन झाला तरी राग गेला नाही, म्हणून पुन्हा तिला बसवलं.

का रे, तू काय मंडळीचा जावई आहेस? रुसून बसायचं, आणि वाजतगाजत न्यायला यायचं? घोडा पाठवू का? तुझ्या बापाच्या लग्नातसुद्धा घोडा नव्हता, टेम्पो होता.

एक साधा प्रश्न विचारते. इतकी वर्षं तू ओळ कोणाला देत होतास? कमळाकरला? त्याला वाचता येतं. पाळकसाहेबांना? त्यांना दोन भाषांतून येतं. पुढच्या बाकावरच्या सगळ्यांच्या हातात पुस्तक होतं. ओळ होती ती मागच्या चटईची. दमयंतीची, माझी, विटांच्या भट्टीवरून येणाऱ्या त्या दोघी जावांची. तुझा अपमान केला कमळाकरने, आणि तू उपाशी ठेवलंस आम्हाला. हा कुठला हिशेब? मी शाळेत गेले नाही, तू गेलास. मला समजावून सांग.

आणि 'सेवा केली, सेवा केली' असं चारदा लिहिलंयस. मी शशिकलाला पुन्हा वाचायला लावून बोटांवर मोजलं. ज्याने कमरेला टॉवेल गुंडाळून शिष्यांचे पाय धुतले, त्याने आधी विचारलं का, की बाबांनो, माझा मान कोण कोण राखणार आहे ते बोला, मग पाणी ओततो? त्या पंगतीत त्याला धरून देणाराही बसला होता. त्याचेही पाय धुतले. कमळाकरने तर फक्त माइकवर एक वाक्य म्हटलं. शशिकला म्हणते, "आजी, एवढं तरी बरं बोललात त्यांच्याबद्दल." बरं नाही बोलले गं, माप सांगितलं.

तुला वाटेल, म्हातारी मलाच झोडते. थांब, त्यालाही सोडलेलं नाही. मागच्या रविवारी उपासना संपल्यावर मी पाळकसाहेबांसमोर त्याला गाठलं. म्हटलं, "कमळाकर, मागच्या बाया गात नाहीत. दमयंती आता आतसुद्धा बसत नाही, बाहेर चपलांपाशी बसते. मी विचारलं तर म्हणते, 'आमाला भित वाचता येत नाय बाय, मंग आत बसून भितीकडं बगत काय ऱ्हायचं? हितं वारा तरी हाय.' "

तर हा म्हणतो, "आजी, ओळ दिली की गाण्याची लय तुटते. मुंबईच्या कुठल्याही चर्चमध्ये आता देत नाहीत."

म्हटलं, "मुंबईला मागे चटई आहे का?"

म्हणाला, "आपण प्रौढ साक्षरतेचा वर्ग काढू या. तुम्ही पहिल्या विद्यार्थिनी."

म्हटलं, "मी बाराखडी संपवीपर्यंत वर पोचेन. तिथे भिंतीवर लिहून ठेवलं असेल तर उपयोगी पडेल."

पाळकसाहेब खोकले. ते हसायच्या जागी खोकतात. पंचांत विचार करू म्हणाले. पंच विचार करतील तोवर दमयंती चपलांपासून रस्त्यावर जाईल, आणि रस्त्यावरून घरी. एकदा घरी गेलेली बाई रविवारी धुणं काढते रे, परत येत नाही. दमयंती मला एवढ्या वर्षांत कधी थकलेली दिसली नाही. मिठात उभं राहून पाय फाटलेत, तरी कामोठ्याहून चालत यायची, कारण आठवड्यातून एकदा तिला तोंड उघडून गाता यायचं. ते गेलं.

तू येत नाहीस. कमळाकर ऐकत नाही. पंच विचार करतात. ठीक आहे. मग मी आहे.

आजी

२१ सप्टेंबर १९९४

सुशांत,

झालं ते तुझ्या बापाने कळवलंच असेल. नाही म्हणतो, पण चोरून लिहितो तुला, मला माहीत आहे. त्याच्या खिशात पोस्टाचा गोंद चिकटलेला असतो. त्याचं ऐकू नकोस. माझ्याकडून ऐक.

दमयंतीच्या नातवाचा बाप्तिस्मा होता. त्या निमित्ताने ती आत आली, नवं लुगडं नेसून, चटईवर बसली. पाळकसाहेबांनी बाळाला हातात घेतलं. गीत लागलं, 'तुझ्या दारी आणिले लेकरू, घे प्रभू पदरात.' पहिलं कडवं आमचं पाठ. झालं. दुसरं आलं, भिंतीवर मुंग्या बदलल्या आणि आमची चटई गप्प. दमयंतीच्या नातवाचा बाप्तिस्मा, आणि दमयंतीचं तोंड बंद! मला बघवेना. मी गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि मोठ्याने ओळ दिली.

आता त्या गीताची आणि मातीच्या वेळच्या गीताची चाल एकच आहे, हे तुला ठाऊक. तोंडातून निघालं, 'संपली वाट, विझली दिवटी, ने प्रभू निजघरात.'

आणि माझ्या बायांनी ते उचललं! सगळ्या ताकदीने! इतके महिने साठलेलं होतं, ते सगळं बाहेर आलं. पुढचे गातायत लेकराला पदरात घे, आणि मागून आम्ही त्याची दिवटी विझवतोय. पाळकसाहेबांचा पाण्याचा हात तसाच वर राहिला. बाळाची आई रडायला लागली. बाळ तेवढं झोपलं होतं. दमयंती अख्खी ओळ गाऊन झाल्यावर माझ्याकडे वळली. "बाय, पोराला न्हाऊ घालतोय का पुरतोय?"

कमळाकरने यंत्र बंद केलं. पंचांनी मला नंतर बाजूला बोलावून सांगितलं, "सखूबाई, यापुढे तुम्ही शांत बसा." सत्तरी ओलांडलेल्या बाईला, शाळेतल्या पोरीसारखं. घरी येऊन पदराने तोंड झाकून बसले. तुझ्या आईने विचारलं, "रडताय का?" म्हटलं, "रागावतेय. पदराआड जास्त चांगलं रागावता येतं."

राग पंचांचा नाही. कमळाकरचासुद्धा नाही, या वेळी. तुझा. जिथे तुझ्यासारख्या शिकलेल्या, गळा असलेल्या पोराने उभं राहायचं, तिथे म्हातारीला उठावं लागलं, आणि तिने लेकराला पुरलं. ती ओळ तू दिली असतीस तर त्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं नसतं. तुझा मान तिकडे चिपळूणला नीट घडी घालून ठेवलायस ना? ठेव. इस्त्री पण कर.

मी त्या आईकडे जाऊन तिची माफी मागितली. दमयंती तिथेच होती, म्हणाली, "जाऊ दे गो बाय. गायलो तर खरं."

पुढचं शशिकला लिहायला तयार नाही. पेन खाली ठेवलंय. मी म्हटलं, पुढचं नाही लिहिलंस तर आतापर्यंतचं सगळं खोटं ठरेल. घेतलं पेन.

पुढच्या रविवारी गायनवृंद उभा राहिला, आणि त्यात शशिकला नव्हती. ती मागे आली. पोटुशी आहे, खाली बसताना धाप लागली, दमयंतीने हात दिला. चटईवर बसली, भिंतीकडे बघितलं, आणि बारीक आवाजात, फक्त आम्हाला ऐकू येईल असं, पुढची ओळ सांगितली. माइक नाही, पेटीजवळची जागा नाही. पुढे कुणाला कळलंसुद्धा नाही. कळलं ते आम्ही गायला लागलो तेव्हा. पुढचे वळून बघायला लागले. कमळाकरही वळला, आणि त्याचा सूर घसरला. लिही गं, घसरला तो घसरला.

घरी काय झालं ते तिने मला सांगितलं नाही, पण वरच्या मजल्यावरचं खाली ऐकू येतं, आणि उजवा कान चांगला आहे. तो म्हणाला, "गायनवृंदातला सगळ्यात चांगला आवाज तू मागे नेऊन बसवलास." ही म्हणाली, "नेला नाही. तिथे जे होते ते ऐकू यायला लागले." मग भांडी वाजली. कोणी वाजवली ते कळलं नाही.

आजी

(आजींनी सांगितलं तसंच लिहिलं आहे. भांडी मी वाजवली. — शशिकला)

९ नोव्हेंबर १९९४

सुशांत,

तुझं पत्र म्हणजे चारच ओळी. 'शशिकलावहिनी ओळ देतात हे कळलं. आता माझी गरज उरली नाही. आनंद आहे.' तुझा आनंद इतका कडू होता की मी वर साखर खाल्ली.

का रे बाबा, आधी म्हणालास मान मिळाला तर येईन. आता म्हणतोस गरज नाही म्हणून येत नाही. यायचंच नसेल तर सरळ सांग, कारणं बदलू नकोस. मी म्हातारी आहे, एका कारणावर रागावून होईपर्यंत तू दुसरं काढतोस.

आता शेवटचं सांगते. ऐक.

गेल्या आठवड्यात कमळाकर आमच्याकडे आला. एकटा. खुर्चीवर नाही बसला, स्टुलावर बसला. म्हणाला, "आजी, कापणीच्या सणाला सगळी मंडळी असते. मी माइकवर सुशांतची माफी मागतो. तुम्ही त्याला कळवा."

तुला जे हवं होतं ते दारात येऊन स्टुलावर बसलं होतं. आणि मी काय म्हटलं माहीत आहे? म्हटलं, "मागू नकोस."

तुझ्या आईच्या हातातली कपबशी थांबली. मी म्हटलं, "माफीवर आलेला माणूस पुढच्या रुसव्यावर परत जातो. मला असा नातू नको. तुझ्या मनात त्याच्याबद्दल वाईट वाटत असेल तर त्याला एकट्याला सांग, माइक नको. आणि माइकवर माफी मागायचीच असेल तर दमयंतीची माग. तिला तू चपलांपाशी बसवलंस."

स्टूल सरकवून गेला. मला वाटलं, आता बोलणार नाही आमच्याशी. पण रविवारी काय बघते, गीत सुरू व्हायच्या आधी तो मागे आला, पँट वर ओढली आणि चटईवर मांडी घातली. शशिकलाला म्हणाला, "आज मी देतो." आणि दिली! पण काय दिली! रेडिओवर बातम्या देतात तशी. भराभरा, एका दमात, अख्खं कडवं. दमयंती म्हणाली, "सायेब, दमानं. आमी काय गाडी पकडतोय?" त्याचे कान लाल झाले. मग एकेक ओळ द्यायला लागला. लय कुठे तुटते ते मी नीट ऐकत होते. तुटली नाही. त्याची घाईची होती, तेवढी तुटली.

पण पुढे गायनवृंद त्याच्यावर चालतो, दर रविवारी तो मागे बसू शकत नाही. आणि शशिकला कापणीच्या सणानंतर माहेरी जाते, बाळंतपणाला. मग चटईवर कोणी नाही. मी उठले तर पुन्हा कुणाला तरी पुरेन.

म्हणून तुला स्पष्ट सांगते. तुझी पेटीजवळची जागा गेली. तिथे आता एक पोरगा कीबोर्ड घेऊन बसतो, बरा वाजवतो. माइक मिळणार नाही. नाव घेऊन कोणी स्वागत करणार नाही. कमळाकर माफी मागणार नाही, मी मना केलंय. तू आलास हे पुढच्या बाकांना कळणारही नाही. मागे चटई आहे, दमयंती आणि माझ्या मधे हाताएवढी जागा आहे, आणि दमयंतीला मिठाचा वास येतो. तेवढंच आहे. त्यासाठी यायचं असेल तर ये. मानासाठी यायचं असेल तर चिपळूणला रविवारी झोप.

मला विचारशील, आजी, तू अजून रागावली आहेस का? आहे. येशील तेव्हाही असेन. पण तोंड नुसतं हलवत बसायचा कंटाळा आलाय रे. तुझ्या आजोबांच्या आवडीचं ते गीत आहे ना, ज्याचं तिसरं कडवं मला कधीच येत नाही, ते कापणीच्या सणाला घेणार आहेत.

येताना दाजीच्या चपला घेऊन ये. त्याच्या पायाला तुझ्या चपलांनी फोड आलाय.

आणि सणाला देवापुढे ठेवायला आपल्या घरचं काहीतरी हवं. तुझ्या बापाने बाजारातून भोपळा आणायचं ठरवलंय, ते मला पटत नाही. कोकणातले करांद्याचे कंद पाठव, ताजे, मातीसकट. चांगले टोपलीभर. ठेवून उरतील ते उकडून दमयंतीला द्यायचे आहेत. मात्र कंडक्टरकडे देऊ नकोस. फणसपोळी त्याने आणली ती आणली, करांदे मी त्याच्या हातून घेणार नाही. पोस्टाने करांदे येत नाहीत, एवढं न शिकलेल्या बाईलाही कळतं. तेव्हा कोणाच्या हाताने पाठवायचे ते तू बघ.